आईच्या ओट्यावरचे ठिपके

ती. मामांना,

दोन्ही हात जोडून आणि कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असेल, डोळ्याला भिंग लावून तुम्ही अजूनही लोकांच्या घड्याळांवर आणि घड्याळं घेऊन येणाऱ्या लोकांवर रागावत असाल, मामीचा खोकला पळाला असेल आणि आईचा गुडघा तुमच्या धाकाने का होईना पण वाकायला लागला असेल, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे मजेत. तुमची भाचेसून मजेत आहे, म्हणजे सध्या माझ्याशी बोलते आहे. पत्र घरी न येता दुकानाच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नका. घरी पाठवलं असतं तर ते सध्या तुमच्याकडे राहणाऱ्या आईने आधी फोडलं असतं (आपल्या घराण्यात पाकिटावरचं नाव फक्त पोस्टमनने वाचायचं असतं), आणि यातला मजकूर तिच्या नजरेस पडता कामा नये. तेव्हा हे दुकानातच वाचा, ड्रॉवरमध्ये टाका, आणि घरी जाताना चेहरा नेहमीसारखा त्रासिक ठेवा. एकदम प्रसन्न दिसलात तर तिला संशय येईल.

मामा, मला इतकं काही सांगायचंय की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. गेले कित्येक दिवस मी जमिनीवर नाहीच. आधी ते यंत्र काय आहे ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी काय काम करतो हे तुम्हाला आजवर कळलेलं नाही (तुम्ही ओळखीच्यांना 'तो घरीच असतो' असं सांगता, ते माझ्या कानावर आलंय). तर, नळ आणि शॉवर बनवणारी एक कंपनी आहे. नळ विकत घेतला की खोक्यात एक पुस्तिका येते, नळ कसा बसवावा याची, आणि लोक ती न वाचता फेकून देतात. ती पुस्तिका मी लिहितो. चित्रं काढणारा एका गावी, इंजिनीयर दुसऱ्या, आमच्या साहेबीण तिसऱ्या, आणि मी माझ्या जेवणाच्या टेबलाशी. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. पण नळाचं चित्र स्क्रीनवर टाकलं की आम्ही सगळे आपापल्या घरून त्या चित्रावर तुटून पडतो. जिथे खटकलं तिथे बोट टेकवायचं, लगेच एक लाल ठिपका उमटतो, आणि ठिपक्याशेजारी आपलं म्हणणं लिहायचं. त्याखाली दुसरा लिहितो, त्याखाली तिसरा. पूर्वी मीटिंगमध्ये आम्ही वॉशरवरून सुरू करून एकमेकांच्या स्वभावापर्यंत जायचो. आता वॉशरचं भांडण वॉशरपाशीच राहतं, कुठे हरवत नाही, आणि उद्या येणाऱ्यालाही ते जसंच्या तसं सापडतं. तुम्ही म्हणाल, यात एवढं नाचण्यासारखं काय आहे? मामा, तुम्ही आमच्या जुन्या मीटिंगा पाहिल्या नाहीत.

आणि मग सर्वांत गोड गोष्ट, ती म्हणजे 'मंजूर' नावाचं बटण. ते दाबलं की लाल ठिपका हिरवा होतो. आमच्या कंपनीत 'मंजूर'चा अर्थ 'वाचलं, आता पुरे' एवढाच आहे. साहेबिणींनी मला पहिल्याच आठवड्यात हे समजावलं होतं, की मंजूर करून मोकळे व्हा, करायचं की नाही ते पुढचं पुढे. मी ते इतकं मनावर घेतलं की घरातसुद्धा बायको काही बोलली की माझा अंगठा आपोआप हवेत दाबला जातो. (तिला हे आता कळलंय.)

आता आईचं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्यासमोरच सांगितलंय, की घरी एकटी राहायला हरकत नाही, पण स्वयंपाकघरात खाली वाकायचं नाही आणि स्टुलावर चढायचं नाही. आणि आईचं जुनं स्वयंपाकघर म्हणजे निम्मं जमिनीलगत आणि निम्मं छताला. ते बदलल्याशिवाय तिला तिथे पाठवणं शक्य नव्हतं. ताईने तेव्हाच जाहीर करून टाकलं की एवढा खटाटोप कशाला, मी आईला कायमची माझ्याकडे नेते. नुसतं बोलली नाही, खोलीही रिकामी केली, पडदेसुद्धा लावले. त्यावर आई तिला काही बोलली नाही. फक्त मला फोनवर, चहात साखर किती घालतोस असं विचारावं त्या आवाजात म्हणाली, "मला माझ्या घरी जायचंय रे." मामा, तुम्ही आईला लहानपणापासून ओळखता. ती कधी काही मागते का? तेव्हा महिनाअखेरीला तिचा तुमच्याकडचा मुक्काम संपायच्या आत ते स्वयंपाकघर तिच्या जोगतं करायचं, नाहीतर ताईकडचे पडदे तिची वाट बघतच होते.

आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं की आईला काही सांगायचं नाही, एकदम नवंकोरं स्वयंपाकघर दाखवून चकित करायचं. (ही कल्पना माझी. पुढे जे झालं त्यातली बरीचशी जबाबदारी या कंसात आहे.) पण तिघांनी मिळून काही ठरवायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत नाही. ताई फोनवर बोलायला लागली की मध्ये श्वास घेत नाही, आणि धाकट्याच्या फोनची रेंज नेमकी खर्चाचा किंवा कामाचा विषय निघाला की जाते. खरं सांगायचं तर बाबा गेल्यापासून आम्ही तिघं एकत्र असे बोलतच नव्हतो. जो तो आईला फोन करायचा आणि बाकीच्या दोघांची खबर आईकडून घ्यायचा. तेव्हा मला सुचलं, की आपल्याकडे ते यंत्र आहे ना. मी स्वयंपाकघराचं चित्र काढलं, भिंती, खिडकी, ओटा, फळ्या, सगळं, आणि दिलं स्क्रीनवर टाकून. लिंक पाठवली ताईला, धाकट्याला, तुमच्या भाचेसुनेला आणि मिस्त्रीला. मामीलाही पाठवली, उद्या 'आम्हाला परकं केलंत' असं नको म्हणायला. मामीचा टॅब फक्त मालिका बघण्यासाठी आहे अशी माझी समजूत होती.

मामा, पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या चित्राला गोवर आल्यासारखं झालं. ताई तुम्हाला ठाऊकच आहे, सगळा जन्म परीक्षेचे पेपर तपासण्यात गेलेला, त्यामुळे तिचे शेरेही तसेच. कपाटाच्या दारावर 'समाधानकारक नाही'. ड्रॉवरवर 'पुन्हा करा'. टॉवेलच्या दांडीवर 'पुन्हा करा'. सांडशीच्या हुकावर 'हुकाचा विचार झालेला दिसत नाही, पुन्हा करा'. धाकटा जाहिरातीत काम करतो, त्याचं वेगळंच. त्याने सिंकवर लिहिलं, 'इथे थोडी ऊब हवी.' त्याखाली पाच मिनिटांत मिस्त्री हजर, 'ऊब म्हणजे गीझर का?' मिस्त्रीला तर हे यंत्र इतकं आवडलं की बाकीची कामं सोडून तो दिवसभर त्यावरच असायचा, आणि प्रत्येक प्रश्नाला फोटोसकट उत्तर द्यायचा (प्रत्येक फोटोत निम्मा त्याचा अंगठा). एकदा फळीवरून वाद चालू असताना ताई धाकट्याला म्हणाली, 'तू आधी स्वतःची खोली आवर.' मिस्त्रीने खाली विचारलं, 'कोणती खोली? मापं कळवा.'

पण खरा धुमाकूळ झाला तो ओट्याच्या उंचीवरून. ओटा किती उंच, हे आईच्या उंचीवर ठरणार, इतकं सगळ्यांना मान्य होतं. ताई म्हणाली, आई चांगली उंच आहे, वरच्या फळीवरचा डबा ती टाचा न उचलता काढायची, मी खाली हात पसरून उभी असायचे ना. धाकटा म्हणाला, कसली उंच, गेल्या वेळी निघताना मी तिला जवळ घेतलं तर तिचं डोकं माझ्या छातीशी आलं, ओटा चांगला खाली घ्या. ताई म्हणाली, तू ताडासारखा वाढलास म्हणून आई बुटकी झाली का? धाकटा म्हणाला, तुझ्या डोक्यातली आई अजून तुला शाळेचा डबा भरून देते आहे. मग दोघं माझ्याकडे वळली, तू सगळ्यांत जवळ राहतोस, तू सांग. आणि मामा, मला सांगता येईना. दर आठवड्याला जातो मी, पण मी आत शिरतो तेव्हा ती खुर्चीत असते, आणि ती चहा करायला उठते तेव्हा मी फोनमध्ये असतो. तेव्हा मी ताईच्या ठिपक्याखाली 'बरोबर' लिहिलं आणि धाकट्याच्या ठिपक्याखालीही 'बरोबर' लिहिलं. तिला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तिला चकित करायचं होतं.

या सगळ्यात आणखी एक इसम होता. त्या यंत्रात कोणी नाव न सांगता आलं तर यंत्र त्याचं नाव 'पाहुणा' ठेवतं. तर हा पाहुणा दुसऱ्याच दिवशी अवतरला. बोलणं एकदम तुटक. वरच्या फळीवर लिहिलं, 'इतकं वर नको.' दिव्यावर लिहिलं, 'इथे नको, चिरताना सावली पडेल.' ओट्यावर आपला स्वतःचा ठिपका टाकून आकडासुद्धा दिला, ताईच्या आकड्याच्या खाली आणि धाकट्याच्या वर. ताई ताडकन म्हणाली, 'आपण कोण? हा घरगुती विषय आहे.' पाहुण्याचं उत्तर, 'घरगुतीच चाललंय.' धाकट्याने मला खासगीत सांगितलं की हे भावोजी असणार, घरात ताईपुढे बोलता येत नाही म्हणून इथे. ताईने मला खासगीत सांगितलं की ही तुझी बायको. माझ्या बायकोला वाटलं मिस्त्रीची बायको. मिस्त्री मात्र त्याला अदबीने 'पाहुणे साहेब' म्हणायचा आणि त्याच्या प्रत्येक ठिपक्याला नमस्काराचं चित्र चिकटवायचा. आणि हा पाहुणा काड्या घालण्यात पटाईत होता. दोन दिवस सगळं शांत झालं, आता एकमत होतंय असं वाटलं, की हा लिहिणार, 'ताईचंच पटतंय.' झालं, धाकटा उसळायचा. तो थंड झाला की, 'पण धाकटा म्हणतो त्यातही तथ्य आहे.' मग ताई. मी वैतागून त्याला बाहेर काढायला निघालो होतो, पण कसं काढतात ते मला सापडलं नाही.

अशात निम्मा महिना सरला. मिस्त्रीला पुढचं काम होतं, त्याने 'सुरू करू का' म्हणून धोशा लावला. पानावर ठिपकेच ठिपके, आणि ताई-धाकटा उंचीवरून तसूभर हलायला तयार नाहीत. तेव्हा मी काय केलं असेल? कंपनीत करतो तेच केलं. वर कोपऱ्यात 'सगळं मंजूर' असं एक बटण आहे, ते दाबलं. सगळं पान हिरवंगार झालं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, दोन्ही भावंडं एकाच वेळी खूश. ताईला वाटलं तिचं ऐकलं, धाकट्याला वाटलं त्याचं. मीही निर्धास्त होऊन माझ्या नळांकडे वळलो. मिस्त्रीने त्या आठवड्यात एकही फोटो टाकला नाही, कारण त्यालाही आम्हाला चकित करायचं होतं. हे चकित करण्याचं वेड साथीसारखं पसरतं.

शनिवारी सकाळी किल्ली घेऊन गेलो. मिस्त्री दारातच उभा, अंगावर इस्त्रीचा शर्ट. आत गेलो आणि मामा, काय सांगू! मिस्त्रीच्या लेखी 'मंजूर' म्हणजे मंजूर. जे जे हिरवं होतं ते ते त्याने केलं होतं. ओटा तीन उंचींचा होता. डावीकडे ताईचा उंच, मध्ये पाहुण्याचा, उजवीकडे धाकट्याचा ठेंगणा, सगळे एका रांगेत, बक्षीस समारंभात पहिला-दुसरा-तिसरा उभा करतात तसे. ताईने जिथे जिथे 'पुन्हा करा' लिहिलं होतं तिथे तिथे ती वस्तू दोनदा केलेली. ड्रॉवरखाली तसाच दुसरा ड्रॉवर, टॉवेलच्या दोन दांड्या, सांडशीला दोन हूक. सिंकवर 'ऊब' म्हणून एक पिवळा दिवा. आणि धाकट्याने एकदा चिडून लिहिलं होतं ना, 'मग भिंतीलाच भोक पाडा, आईला हॉलमधूनच भाजी चिरू दे', तर हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत चांगली मोठी चौकोनी खिडकी पाडलेली, तिला लाकडी चौकट, चौकटीला पॉलिश. मी त्या खिडकीतून डोकं घालून हॉलकडे बघितलं. मिस्त्रीला वाटलं मला आवडलं. तीन ओटे कशाला केलेस म्हणून विचारलं तर तो सहज म्हणाला, "तुम्ही तीन भावंडं ना साहेब. मला वाटलं, एकेकाचा एकेक."

मी धाकट्याच्या ओट्यावर बसलो (बसायला तो अगदी बेताचा आहे) आणि हिशेब करायला लागलो की हे फोडून पुन्हा करायचं तर अजून महिना. तोवर आईला कुठे ठेवायचं? ताईकडे. आणि एकदा ताईकडे गेली की ताई तिला परत पाठवील का? काय करावं सुचेना, म्हणून फोटो काढले, प्रत्येक फोटोत मिस्त्रीने आपणहून मोजपट्टी धरली, आणि दिले पानावर टाकून. ताईच्या नावापुढे ती लिहीत असल्याची तीन टिंबं यायची आणि पुसली जायची. आणि मग मधल्या ओट्यावर एक ठिपका आला. पाहुणा. 'मधला बरोबर माझ्या कोपराखाली चार बोटं. बाकीचे दोन कोणाचे?'

माझ्या कोपराखाली. मी ते वाचलं, परत वाचलं. पानावर ताईचा एकच शब्द आला, 'आई?' मी थेट मामीला फोन केला. मामीला ना खेद ना खंत. म्हणाली, "अरे, तू मला सांगितलंस आईला सांगू नकोस, आणि तुझ्या आईने सांगितलं मुलांना सांगू नकोस. मी कुणाचं मोडलं सांग." लिंक आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी, तुम्ही दुकानात आणि मामी आडवी झालेली असताना, आई तो टॅब मांडीवर घेऊन आमची भांडणं वाचत होती. तुमच्या ओट्याशी उभी राहून तिने स्वतःचं माप काढलं होतं. मामा, तुमच्या घरात हे सगळं चाललं होतं आणि तुम्हाला पत्ता नाही, तेव्हा मला एकट्यालाच बावळट म्हणू नका.

मग आईने बरंच लिहिलं. एका ठिपक्यात मावलं नाही म्हणून तिने ते ओटाभर पसरून लिहिलं. तिने लिहिलं की फोडाफोडी करू नका. मधल्यावर मी काम करीन, ठेंगण्यावर बसून निवडणं होईल, आणि उंच ओटा ताई येईल तेव्हा तिच्यासाठी, ती आता माझ्यापेक्षा उंच आहे हे तिला माहीत नाही का? भिंतीतली खिडकी राहू दे, स्वयंपाक करताना दार दिसेल. शेवटी लिहिलं, 'तुमचे बाबा गेल्यापासून तुम्हा तिघांचं भांडण कानावर आलं नव्हतं. इथे रोज वाचायला मिळालं, बरं वाटलं. थांबलात की मला करमायचं नाही, म्हणून मीच अधूनमधून काडी घालत होते. रागावू नका.' मामा, मला रडू आलं. खरंच आलं, लपवण्यात काय अर्थ आहे? मिस्त्रीने काही न विचारता मला टॉवेल आणून दिला (दोन दांड्यांपैकी एकीवरचा). आम्ही तिघं तिची उंची आठवून आठवून भांडलो आणि ती तिकडे बसून आमचा एकेक शब्द वाचत होती.

त्यानंतर ताईने मधल्या ओट्यावर एक शेरा लिहिला, 'समाधानकारक.' तिच्या हातून हा शब्द आजवर कुणाला मिळालेला नाही, मला दहावीत नव्वद पडले तेव्हासुद्धा मिळाला नव्हता. आणि संध्याकाळी तिने फोन करून सांगितलं की आईला जायचंय तर जाऊ दे तिच्या घरी, पडदे मी पाहुण्यांच्या खोलीला लावते. तेव्हा मामा, महिनाअखेरीला आई तिच्या घरी चालली. मी गाडी घेऊन येतो. तिची औषधं, तिची उशी आणि तिचे व्यायामाचे कागद मामीने एका पिशवीत बांधून ठेवावेत. इतके दिवस तुम्ही तिला सांभाळलंत, त्याचे आभार मानायला गेलो तर तुम्ही ओरडाल, म्हणून मानत नाही.

मामीला नमस्कार. तुमचा,
कंपनीच्या भाषेत सांगायचं तर अजून तपासणी चालू असलेला भाचा

ता. क. - वरचं सगळं मी आनंदाने सांगितलं, पण ते सांगायला काही पत्र लिहिलेलं नाही. खरी गोष्ट अशी की ओट्याचं काम झालं, सगळे ठिपके हिरवे झाले, आणि पान गप्प झालंय. काल आईने फोनवर गुडघ्याबद्दल, हवेबद्दल, शेजाऱ्यांबद्दल बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता विचारलं, "ते पान आता बंद करणार का रे?" मी म्हटलं, छे, अजून बाथरूम राहिलंय. तसं काही राहिलेलं नाही. बाथरूममध्ये धरायला दांड्या आहेत, फरशी खरखरीत आहे, मिस्त्रीसुद्धा म्हणतो की हात लावायचं काम नाही. तरी मी बाथरूमचं चित्र टाकलंय. आणि नेमकी आता सगळी मंडळी सुधारली आहेत. धाकट्याने 'मस्त' लिहिलं. ताईला तो नवा शब्द इतका आवडलाय की ती प्रत्येक फरशीवर 'समाधानकारक' लिहीत सुटली आहे. आई त्या घरात एकटी असणार, दुपारी टॅब उघडणार (मामीच्यासारखाच एक तिला घेतलाय), आणि पानावर नुसतं 'मस्त' आणि 'समाधानकारक' असणार. हे मला बघवत नाही. मामा, उभ्या आयुष्यात ज्यांना एकही गोष्ट पसंत पडलेली नाही असे आपल्यात तुम्हीच उरला आहात. कृपा करून त्या बाथरूममध्ये काहीतरी खोट काढा. नळ, बादली, खिडकी, मी, काहीही चालेल. मामी टॅब उघडून देईल, तुम्ही फक्त बोट टेकवायचं आणि मनात येईल ते लिहायचं. ताई उत्तर दिल्याशिवाय राहणार नाही, ताईने दिलं की धाकटा तुमची बाजू घेणार, मग पुढचं आपोआप होईल. आईला मात्र मी सांगितलं हे कळू देऊ नका.

ता. क. २ - 'मंजूर' नावाचं बटण दिसेल. त्याला हात लावू नका. मिस्त्री अजून पानावर आहे.

ता. क. ३ - पाकीट चिकटवायच्या आधी सहज पान उघडून बघितलं, तर बाथरूमच्या चित्रावर ठिपका, आणि त्यावर चक्क तुमचं नाव. 'नळ डावीकडे हवा. असलं काम आमच्या वेळी कुणी घेतलं नसतं.' मी आनंदाने उठून उभा राहिलो, म्हटलं मामांना पत्र मिळायच्या आधीच कळलं. मग लक्षात आलं की तुम्हाला टॅब उघडता येत नाही, ठिपका दुपारी पडलाय, आणि दुपारी तुम्ही दुकानात असता. ताईने खाली लिहिलंय, 'मामा, तुम्ही घड्याळाचं बघा, नळाचं आम्ही बघतो.' धाकटा तुमच्या बाजूने उतरलाय, मिस्त्री विचारतोय की डावीकडे म्हणजे आतून डावीकडे की बाहेरून, आणि तुम्ही सगळ्यांना खरमरीत उत्तरं देता आहात. तेव्हा मामा, वर जे मागितलं त्यातलं तुम्हाला काही करावं लागणार नाही. ताईचा फोन येईल, तेवढं 'हो, मीच लिहिलं' म्हणा, आणि नळ डावीकडेच हवा यावर अडून बसा.